बेणे आणि बी : बर्बँकच्या बटाट्याची खरी वंशावळ

बटाट्याच्या इतिहासावर समाजमाध्यमांत फिरणाऱ्या मजकुरात एक दावा हटकून आढळतो. ल्यूथर बर्बँक या अमेरिकी 'वनस्पतींच्या जादूगारा'ने करपा रोगाला दाद न देणारा बटाटा घडवला, तो आयर्लंडला धाडला आणि दुष्काळाने गांजलेल्या आयरिश जनतेला तारले, असा तो दावा. गोष्ट ऐकायला छान आहे. अडचण एवढीच की आयर्लंडचा महादुष्काळ १८४५ मध्ये सुरू झाला आणि बर्बँकचा जन्म ७ मार्च १८४९ चा. दुष्काळ ओसरला तेव्हा हा जादूगार जेमतेम बोलू लागला असेल. शिवाय त्याच्या नावाने आज ओळखला जाणारा 'रसेट बर्बँक' हा वाण करप्यापुढे टिकणारा नाहीच. तो करप्याला सहज बळी पडतो.

तरीही त्या दुष्काळाचा आणि या बटाट्याचा संबंध आहे. फक्त तो वेगळ्या वाटेने जातो. त्या वाटेवर न्यूयॉर्क राज्यातला एक धर्मोपदेशक भेटतो, व्हरमाँटमधला एक शेतकरी भेटतो आणि मॅसॅच्युसेट्समधल्या एका परसातले गोटीएवढे हिरवे फळ भेटते.

ती वाट धरण्याआधी एक भेद ध्यानात घ्यायला हवा, आणि त्यासाठी मराठीइतकी सोयीची भाषा क्वचितच मिळेल. आपल्याकडे ज्वारी पेरतात ते 'बी' आणि ऊस, हळद, आले, बटाटा लावतात ते 'बेणे'. इंग्रजीत बटाट्याच्या बेण्यालाही 'सीड' म्हणतात आणि तिथेच पुष्कळ घोटाळा होतो. बटाटा हे फळ नव्हे, मूळही नव्हे. ते जमिनीखाली फुगलेले खोड आहे. त्याचे डोळे म्हणजे खोडावरच्या कळ्या. डोळ्यासकट तुकडा लावला की जे झाड येते ते नवे अपत्य नसते, जुन्याच झाडाचा विस्तार असतो. एखादा वाण शंभर वर्षे लाखो एकरांवर लावला गेला, तरी जीवशास्त्राच्या दृष्टीने ते एकच झाड असते.

बी मात्र निराळे. बटाटा हा वांगी, टोमॅटो, मिरचीच्या कुळातला. त्याला पांढरी किंवा जांभळट फुले येतात आणि जमले तर फळही धरते, कच्च्या छोट्या टोमॅटोसारखे. ते विषारी असते, खायचे नसते. त्यातल्या बारीक बियांपैकी प्रत्येक बी म्हणजे एक नवा वाण. लागवडीखालच्या बटाट्यात गुणसूत्रांचे दोन नव्हे, चार संच असतात, म्हणून प्रत्येक बीमध्ये त्यांची फेरमांडणी अशी होते की आईबापांचे गुण जसेच्या तसे उतरणे जवळपास अशक्य. बेणे म्हणजे खात्री आणि बी म्हणजे सोडत, असे म्हणता येईल. बटाट्याच्या इतिहासातले बहुतेक पेच या दोन शब्दांच्या मध्ये आहेत.

मराठी मुलखात बटाट्याचे फळ पाहिलेला माणूस विरळा, यालाही कारण आहे. बटाट्याला फूल आणि फळ धरायला लांब दिवस आणि थंड हवा लागते. आपल्याकडची मैदानी लागवड बहुतांशी हिवाळ्यातल्या आखूड दिवसांतली. पोर्तुगिजांच्या 'बताता'वरून आपण 'बटाटा' हा शब्द घेतला, पण त्याचे फळ आपल्या बोलण्यात कधी आलेच नाही.

आता दुष्काळाकडे. आयर्लंडमधल्या गरिबांचा बटाटा होता 'लंपर'. चवीला बेताचा, पण हलक्या जमिनीतही भरघोस येणारा. साधारण तीस लाख माणसांचे पोट जवळपास केवळ बटाट्यावर भरत होते आणि त्यातला फार मोठा भाग या एका वाणाचा होता. वर सांगितल्याप्रमाणे, एक वाण म्हणजे एक झाड. १८४५ च्या शरद ऋतूत करपा आला तेव्हा त्याला हजारो शेतांत हजारो निरनिराळे शत्रू भेटले नाहीत. तीच ती दुबळी पाने भेटली. सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि तापाच्या साथींनी मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. अर्थात पीक बुडवले करप्याने, माणसे मरू दिली ती राज्यकर्त्यांच्या धोरणाने. देशात लोक भुकेने मरत असताना बंदरांतून धान्य बाहेर जात होते. १८७६–७८ च्या दख्खनच्या दुष्काळाची हकिगत वाचलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

हा रोग युरोपात पोहोचण्याआधी, १८४३ च्या सुमारास, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दिसला होता. तिथेही वर्षामागून वर्षे पीक सडत होते. कारण कुणालाच नीट ठाऊक नव्हते. कुणी पावसाला दोष देत होते, कुणी हवेतल्या विजेला. इंग्लंडमध्ये माइल्स बर्कली याने १८४६ मध्ये बुरशीकडे बोट दाखवले, पण बुरशी हेच मूळ कारण असल्याचे जर्मनीत आंतोन द बारी याने प्रयोगाने सिद्ध केले ते १८६१ मध्ये. मधल्या पंधरा वर्षांत शेतकऱ्यांनी करायचे काय?

न्यूयॉर्क राज्यातल्या यूटिका गावी चॉन्सी गुडरिच नावाचा एक धर्मोपदेशक राहत होता. तिथल्या मनोरुग्णालयात तो धर्मगुरूचे काम पाही आणि उरलेला वेळ बागेत घालवी. त्याचे म्हणणे असे की बटाटा म्हातारा झाला आहे. पिढ्यान्‌पिढ्या बेण्यावरच वाढवल्यामुळे त्याचा जोम ओसरला. त्याला पुन्हा तरुण करायचे तर त्याच्या मूळ भूमीतून ताजे कंद आणावेत आणि त्यांच्या बियांपासून नवी झाडे घ्यावीत. ही उपपत्ती चुकीची होती. वाण वयोमानाने म्हातारा होत नाही. बेण्यातून विषाणू एका पिढीतून दुसऱ्या पिढीत साचत जातात आणि उत्पन्न घटते, हे विसाव्या शतकात उमगले. करप्याचा तर त्या 'म्हातारपणा'शी काहीच संबंध नव्हता. पण चुकीच्या निदानावरून सुचलेला हा उपाय अगदी नेमका ठरला. नवे रक्त आणि बी, या दोन्हींचीच त्या काळच्या बटाट्याला गरज होती.

१८५१ मध्ये गुडरिचने पनामातल्या अमेरिकी प्रतिनिधीमार्फत दक्षिण अमेरिकेतले थोडे बटाटे मिळवले. त्यांतल्या एका खडबडीत, जांभळ्या सालीच्या कंदाला त्याने 'रफ पर्पल चिली' असे नाव दिले. त्याला धरलेल्या फळाच्या बियांतून १८५३ मध्ये जे रोप निघाले त्याचा वाण पुढे 'गार्नेट चिली' म्हणून प्रसिद्ध झाला. गुडरिचने आयुष्यभरात अशी हजारो रोपे वाढवली. त्यांतली जवळपास सगळी त्याला फेकून द्यावी लागली. १८६४ मध्ये तो वारला तेव्हा आपल्या एका जांभळ्या कंदाने काय करून ठेवले आहे याची त्याला कल्पना असणे शक्य नव्हते. आज युरोप-अमेरिकेतल्या असंख्य वाणांच्या पेशींत त्या चिली वंशाच्या मातेची खूण सापडते.

पुढची पायरी व्हरमाँटमधल्या हबर्डटन गावची. तिथल्या अल्बर्ट ब्रेसी या शेतकऱ्याने १८६१ मध्ये गार्नेट चिलीच्या एका फळाचे बी पेरले. त्यातून निघालेला गुलाबी सालीचा, लवकर तयार होणारा बटाटा म्हणजे 'अर्ली रोझ'. १८६० च्या दशकाच्या अखेरीस तो बाजारात आला आणि काही वर्षांतच उत्तर अमेरिकेच्या परसापरसांत पोहोचला. चांगला बटाटा होता, पण बियांच्या दृष्टीने कंजूष. अर्ली रोझला फळ धरणे ही फार दुर्मीळ गोष्ट.

इथे बर्बँक येतो. ज्या मराठी वाचकांनी परमहंस योगानंदांचे 'योगी कथामृत' वाचले आहे त्यांना हे नाव अनोळखी नसेल. योगानंदांनी ते आत्मचरित्र बर्बँकच्याच स्मृतीला अर्पण केले आणि त्याला अमेरिकी संत म्हटले. पण तो पुढचा, कॅलिफोर्नियातला, कीर्तिमान बर्बँक. १८७२ मधला बर्बँक हा मॅसॅच्युसेट्समधल्या लूनेनबर्ग गावचा तेवीस वर्षांचा भाजीवाला होता. वडील १८६८ मध्ये वारले होते. वाट्याला आलेल्या पैशांतून त्याने सतरा एकरांचा तुकडा घेतला आणि जवळच्या गावांच्या बाजारासाठी भाजीपाला पिकवू लागला. महाविद्यालयीन शिक्षण नव्हते. मात्र चार्ल्स डार्विनचा पाळीव प्राणी व लागवडीखालील वनस्पती यांच्यातील बदलांवरचा १८६८ मधला ग्रंथ त्याने वाचला होता, आणि त्यातून एक गोष्ट त्याच्या मनात पक्की रुतली होती : नवे हवे असेल तर बदल शोधावा, आणि बदल बियांत असतो.

म्हणूनच बागेतल्या अर्ली रोझच्या एका झाडावर त्याला फळ दिसले तेव्हा त्याचे महत्त्व त्याला तत्काळ कळले. तो रोज त्या फळाकडे पाहू लागला. फळ पिकेपर्यंत झाडावरच राहायला हवे होते. कच्चे तोडले तर बी वाया जाणार. आणि एके दिवशी फळ नाहीसे झाले. कुणाचा तरी धक्का लागून ते गळून पडले होते. त्याने झाडाभोवतीची जमीन पुन्हा पुन्हा धुंडाळली आणि काही फुटांवर ते त्याला सापडले. आत बिया होत्या तेवीस.

ही हकिगत बर्बँकनेच सांगितलेली आहे आणि तीही चार दशकांनंतर, कीर्तीच्या शिखरावर असताना. इतिहासाच्या अभ्यासकाने इथे थोडे थबकलेले बरे. बर्बँक नोंदी ठेवण्यात अतिशय ढिला होता. १९०५ मध्ये कार्नेगी संस्थेने त्याला वर्षाला दहा हजार डॉलरचे अनुदान दिले आणि त्याच्या कामाची शास्त्रीय नोंद करायला जॉर्ज शल या वनस्पतिशास्त्रज्ञाला पाठवले. मनासारखे काही हाती लागेना म्हणून १९०९ मध्ये ते अनुदान थांबले. तेव्हा हरवलेल्या फळाचा प्रसंग थोडा रंगवलेला असू शकतो. पण फळ, बिया आणि त्यांतून आलेला बटाटा या गोष्टींना बाहेरचा पुरावा आहे, आणि तो बियाणे-व्यापाऱ्याच्या व्यवहारात आहे. त्याकडे पुढे येऊच.

१८७३ च्या वसंतात त्याने त्या तेवीस बिया पेरल्या. काचघर नव्हते, कुंड्या नव्हत्या. बीट किंवा कोबी पेरावा तशा भुसभुशीत केलेल्या उघड्या जमिनीत, एकमेकींपासून अंतर राखून. बटाट्याचे बेणे लावणाऱ्याला या कामाची नजाकत सहसा कळत नाही. बेण्याच्या तुकड्यात कोंबाला पुरेल इतकी शिदोरी असते. तो ढेकूळ फोडून वर येतो. बी मात्र टोमॅटोच्या बीहून बारीक. त्यातून उगवलेले रोप पहिले काही आठवडे सुतासारखे असते. एक कडक ऊन, एक जोराची सर, दोन दिवसांची दुर्लक्षित खुरपणी, यांतले काहीही त्याला संपवायला पुरेसे. ते जरा सावरले, खोड जाड झाले की बुंध्याशी मातीची भर द्यावी लागते, कारण कंद धरतात ते जमिनीखालच्या आडव्या फुटव्यांच्या टोकांना, आणि उघडा पडलेला कंद उन्हाने हिरवा व कडू होतो. तेवीसच्या तेवीस रोपे जगली, यात नशिबाचा वाटा असेल, पण बर्बँकच्या हाताचाही होता.

शरद ऋतूत खणणी झाली. एकाही झाडाचे बटाटे दुसऱ्यासारखे नव्हते. काहींना सुपारीएवढे कंद, काहींचे डोळे इतके खोल की सोलताना निम्मा बटाटा जावा, काही वेडेवाकडे, काही लाल. एकाच फळातली ही भावंडे होती, आणि चार संचांच्या गुणसूत्रांची फेरमांडणी म्हणजे काय ते पुस्तकाशिवाय त्या वाफ्यात मांडलेले होते. त्या गर्दीत दोन झाडे उठून दिसत होती. मोठे, गुळगुळीत, पांढऱ्या सालीचे कंद, आणि आईपेक्षा किती तरी अधिक. बर्बँकने त्यांतले पंधरा क्रमांकाचे झाड सर्वांत सरस ठरवले.

इथून पुढे बीचे काम संपले आणि बेण्याचे सुरू झाले. निवडलेल्या झाडाचे कंद वेगळे राखायचे, हिवाळ्यात थंड पण न गोठणाऱ्या अंधाऱ्या जागी ठेवायचे, वसंतात डोळे पाहून लावायचे, आणि दुसऱ्या वर्षीही तोच गुण टिकतो का ते पाहायचे. पहिल्या वर्षी देखणी वाटणारी रोपे दुसऱ्या वर्षी फसवतात, हा या धंद्यातला नेहमीचा अनुभव. पंधरा क्रमांकाने फसवले नाही.

आता तो व्यवहार. बर्बँकला कॅलिफोर्नियाला जायचे होते; भाऊ तिकडे आधीच गेले होते. त्याने आपला बटाटा मार्बलहेडचा बियाणे-व्यापारी जेम्स ग्रेगरी याच्यापुढे ठेवला. मागितले पाचशे डॉलर, मिळाले दीडशे. सोबत ग्रेगरीने दोन गोष्टी दिल्या : वाणाला बर्बँकचे नाव आणि स्वतःबरोबर नेण्यासाठी दहा बटाटे. १८७५ मध्ये बर्बँक ते दहा बटाटे घेऊन आगगाडीने सांता रोझाला पोहोचला. १८७६ मध्ये ग्रेगरीने 'बर्बँक्स सीडलिंग' बाजारात आणला. सीडलिंग, म्हणजे बियांतून उगवलेले रोप. नावातच त्याची जन्मकथा होती, आणि जन्मदात्याला त्याची पुढे एक कवडीही मिळायची नव्हती.

ग्रेगरी लबाड होता असे यावरून म्हणता येत नाही. वाण विकत घेतल्यावर त्याच्या हाती काय उरणार होते? एक हंगाम, फार तर दोन. एकदा बटाटा शेतकऱ्याच्या घरी गेला की त्यातले चार राखून पुढच्या वर्षी लावायला कुणाची परवानगी लागत नाही. बेण्याचा स्वभावच असा की ते विकणारा आपल्या गिऱ्हाइकाला स्वतःचा प्रतिस्पर्धी बनवतो. दीडशे डॉलर ही किंमत त्या हिशेबाने ठरली होती.

पश्चिम किनाऱ्यावर हा बटाटा झपाट्याने पसरला. पुढे त्याच्याच एका झाडाच्या सालीत आपोआप बदल घडला आणि पांढऱ्या गुळगुळीत सालीऐवजी तपकिरी, जाळीदार, जाड साल आली. हाच 'रसेट बर्बँक'. १९०२ मध्ये मिनेसोटातल्या एल. एल. मे कंपनीने तो 'नेटेड जेम' या नावाने विकला. लांबट घडण, कमी पाणी आणि भरपूर पिष्ट, महिनोन्‌महिने टिकण्याची ताकद, या गुणांमुळे आयडाहोच्या कालव्यांखालच्या जमिनीत त्याने बस्तान बसवले. १९४० च्या दशकात जे. आर. सिम्प्लॉटच्या कारखान्यात रे डनलॅप या रसायनतज्ज्ञाने गोठवलेल्या तळणीच्या कापांची पद्धत बसवली. १९६० च्या दशकात सिम्प्लॉट आणि मॅकडोनाल्ड्सचे रे क्रॉक यांच्यात सौदा झाला. लांब काप हवेत तर लांब बटाटा हवा. लूनेनबर्गच्या परसातले पंधरा क्रमांकाचे झाड अशा रीतीने जगभरच्या कागदी डब्यांत जाऊन बसले.

घरच्या बागेत मात्र हा वाण सांभाळणे तसे कटकटीचे. तयार व्हायला चार ते पाच महिने घेतो. पाण्याच्या पाळीत खंड पडला आणि मग एकदम भरपूर पाणी मिळाले, तर कंदांना गाठी फुटतात, आकार बिघडतो, कधी आत पोकळी धरते. सुबक, लांबट, एकसारखा रसेट बर्बँक हा निसर्गाचा नमुना नव्हे. त्यामागे नियमित पाणी, भारी खत आणि करप्यावरच्या औषधांच्या फवारण्या असतात. ज्याला 'रोगाला दाद न देणारा' म्हणून इंटरनेटवर गौरवले जाते, त्या बटाट्याची ही खरी हकिगत.

बर्बँक ११ एप्रिल १९२६ रोजी वारला. चारच वर्षांनी, १९३० मध्ये, अमेरिकी काँग्रेसने वनस्पतींवर पेटंट देणारा जगातला पहिला कायदा केला. त्या चर्चेत बर्बँकचे नाव पुन्हा पुन्हा घेतले गेले. एवढे वाण देऊनही त्याला त्याचा मोबदला मिळाला नाही, हे उदाहरण सर्वांना पटणारे होते. थॉमस एडिसननेही त्या कायद्याची बाजू घेतली. बर्बँकच्या मृत्यूनंतर त्याच्या फळझाडांना आणि फुलांना पेटंटे मिळालीही. पण त्याच कायद्यात एक अपवाद घातलेला होता : कंदापासून वाढवल्या जाणाऱ्या वनस्पतींना पेटंट नाही. कारण उघड होते. बटाट्यात जे खायचे तेच लावायचे. बेण्यावर मालकी दिली तर ती थेट अन्नावर गेली असती. ज्या माणसाच्या अन्यायाचा दाखला देऊन कायदा झाला, त्याचा सर्वांत मोलाचा वाण त्या कायद्यातून वगळला गेला.

हा प्रश्न जुना झाला असे समजू नये. भारताच्या २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि छापील नावाशिवाय विकण्याचाही हक्क दिला आहे. तरीही २०१९ मध्ये पेप्सिको कंपनीने वेफर्सच्या एका नोंदणीकृत बटाट्यावरून गुजरातमधल्या शेतकऱ्यांवर दावे ठोकले. काहींकडून प्रत्येकी एक कोटीहून अधिक भरपाई मागितली. देशभर ओरड झाल्यावर मे २०१९ मध्ये दावे मागे घेतले गेले. वाणाची नोंदणी डिसेंबर २०२१ मध्ये प्राधिकरणाने रद्द केली आणि जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो निर्णय फिरवला. ग्रेगरीने दीडशे डॉलर मोजताना जो हिशेब केला होता, तोच आता वकील करतात.

बीची कथाही भारतात पुढे चालू राहिली. १९४९ मध्ये पाटण्यात सुरू झालेली केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९५६ मध्ये सिमल्याला हलली, आणि जवळच्या कुफरीत नवे वाण घडू लागले. कुफरीच का? तिथल्या उंचीवर, लांब दिवसांत, बटाट्याला फुले येतात आणि फळे धरतात. 'कुफरी ज्योती', 'कुफरी चंद्रमुखी', 'कुफरी सिंदुरी' ही नावे मंडईत रोज ऐकू येतात. त्यातले 'कुफरी' म्हणजे ज्या डोंगरावर बी धरले त्याचा पत्ता आहे. दुसरीकडे बेण्याचा प्रश्न डॉ. पुष्करनाथ यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस वेगळ्याच रीतीने सोडवला. मावा कीड विषाणू पसरवते. उत्तरेच्या मैदानात शरद ते हिवाळा या काळात मावा कमी असतो. तेवढ्या अवधीत बेण्याचे पीक घेऊन मावा वाढायच्या आत पाला कापून टाकावा, अशी ती पद्धत. आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावरचा शेतकरी पावसाळी बटाट्यासाठी पंजाबचे बेणे विकत घेतो, त्यामागे हे शास्त्र आहे. गुडरिचला जे 'म्हातारपण' वाटले होते, त्यावरचा हा खरा इलाज.

रसेट बर्बँक अजूनही बेण्यावरच चालला आहे. पंधरा क्रमांकाचे ते एक झाड दीडशे वर्षे तुकड्यातुकड्यांनी लावले जात आहे. त्याच्याकडून नवी पिढी मिळवायचे प्रयत्न संशोधकांनी पुष्कळ केले, पण त्याचे परागकण वांझ असतात आणि फळ क्वचितच धरते. अर्ली रोझने बर्बँकला निदान एक फळ तरी दिले होते.